पशुवैद्याची निवड आणि उपचाराचा खर्च : ब्रिटनमधील एका वादाचा इतिहास (इ. स. १७९१–१९४८)

१

आजारी जनावराच्या मालकापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. उपचार कोणाकडून करवून घ्यावा, हा पहिला. आणि त्यापायी किती पैसा मोजावा लागेल, हा दुसरा. पहिला प्रश्न विद्येचा आणि दुसरा द्रव्याचा, अशी त्यांची वाटणी करण्याचा प्रघात आहे. परंतु ब्रिटनमधील पशुवैद्यक व्यवसायाचा अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा इतिहास पाहिला असता ही वाटणी टिकत नाही. लायक पशुवैद्य ओळखण्याची सोय जसजशी होत गेली, तसतसा तो पशुवैद्य गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. आणि तो आवाक्यात आणण्याचा जो जो प्रयत्न झाला, त्यातून लायकीचा प्रश्न पुन्हा नव्याने उपस्थित झाला. प्रस्तुत लेखाचा विषय ही कोंडी, आणि १९४८ च्या कायद्याने तिच्यातून काढलेला मार्ग, हा होय.

पशुवैद्याच्या निवडीत एक अडचण मुळातच आहे. रोगी बोलत नाही. मालक बोलतो, पण त्याला वैद्याच्या ज्ञानाची पारख करण्याचे साधन नसते. जनावर बरे झाले तर ते औषधाने झाले की आपोआप, आणि मेले तर रोगाने मेले की उपचाराने, हे त्यास सांगता येत नाही. अशा स्थितीत तो नावावर भरवसा ठेवतो. म्हणून ह्या व्यवसायाच्या इतिहासात नावांचा आणि पदव्यांचा इतिहास हा गौण भाग नाही. वादाचा बराचसा भाग नावांवरूनच झालेला आहे.

२

अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडात घोड्यावर उपचार करणारा मनुष्य म्हणजे ‘फॅरियर’. हा शब्द लोखंड ह्या अर्थाच्या ‘फेरुम’ ह्या लॅटिन शब्दापासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ नालबंद असा आहे. जो नाल ठोकतो तोच घोड्याचा पाय जाणतो, आणि जो पाय जाणतो तोच पोटशूळही जाणत असला पाहिजे, अशी ही समजूत होती. गाईगुरांवर उपचार करणाऱ्यास ‘काऊ-लीच’ म्हणत. ह्यातील ‘लीच’ हा वैद्य ह्या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द होय. ‘व्हेटरिनेरियन’ हा विद्वानांचा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात आला. त्याचा संबंध ‘व्हेटेरिने’ म्हणजे ओझ्याची जनावरे ह्या लॅटिन शब्दाशी आहे.

आपल्याकडे नालबंद आणि घोड्यांचा वैद्य ही दोन नावे वेगळी राहिली. अश्वचिकित्सेचा आद्य आचार्य म्हणून परंपरेने मानलेल्या शालिहोत्राच्या नावावरून ‘सालोत्री’ हा शब्द झाला. लष्करातील घोड्यांच्या निमित्ताने तो इंग्रजांच्याही तोंडी बसला आणि यूल व बर्नेल यांच्या १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या कोशात त्याची नोंद झाली.

ही सर्व नावे शेजारी ठेवली असता एक गोष्ट ध्यानात येते. लोखंड, ओझे, गाय, घोडा यांचा उल्लेख त्यांत आहे. कुत्रा किंवा मांजर यांचा नाही. वैद्याचे नाव ज्या जनावरावरून पडले, ते जनावर मालकाला उत्पन्न देणारे होते, आणि त्याच उत्पन्नातून वैद्याची फी निघत होती. घोड्याच्या किमतीशी फीचा हिशेब लावता येत होता. ज्या प्राण्याची बाजारात किंमत नाही त्याच्यावर किती खर्च करावा, हा प्रश्न ह्या जुन्या व्यवहारात फारसा उद्भवलाच नव्हता.

३

नालबंदाच्या परंपरागत विद्येविरुद्ध पहिली संघटित तक्रार शेतीसुधारणेच्या चळवळीतून आली. फ्रान्समध्ये क्लोद बूर्झेला याने १७६२ मध्ये लियाँ येथे पशुवैद्यकाचे विद्यालय उघडले होते. हँपशायरमधील ओडिहॅम येथील कृषिमंडळाने १७८५ मध्ये घोड्यांच्या उपचारास शास्त्राचा पाया मिळावा असा ठराव केला, आणि त्याची परिणती १७९१ मध्ये लंडनच्या पशुवैद्यक विद्यालयाच्या स्थापनेत झाली. लियाँ येथे शिकलेला व्हियाल द सेंबेल हा तेथील पहिला अध्यापक. तो १७९३ मध्येच मरण पावला.

ह्या विद्यालयाच्या अर्थव्यवस्थेकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. वर्गणीदारांनी वर्षाला दोन गिनी द्याव्यात, आणि त्या मोबदल्यात त्यांच्या घोड्यांवर विद्यालयाच्या रुग्णालयात उपचार व्हावेत, अशी योजना होती. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. आजारपण येण्यापूर्वीच थोडी ठरावीक रक्कम भरावयाची आणि ज्याच्या घोड्यावर प्रसंग येईल त्याचा भार सर्वांनी मिळून उचलावयाचा, हे तत्त्व पुढे विम्याच्या रूपाने परत आलेले दिसते. ही सोय घोडे बाळगणाऱ्या आणि गिनीत हिशेब करणाऱ्या वर्गासाठी होती, हे खरे. तरीही चांगला वैद्य आणि परवडणारा वैद्य ह्या दोन गोष्टी एकाच संस्थेने साधाव्यात, हा विचार तीत होता.

विद्यालयाचा दर्जा मात्र लवकरच खालावला. सेंबेलनंतर आलेला एडवर्ड कोलमन याने १८३९ पर्यंत विद्यालयाचा कारभार पाहिला, आणि ह्या काळात काही महिन्यांच्या अभ्यासावर विद्यार्थ्यांना प्रमाणपत्रे मिळू लागली. स्वस्त शिक्षणातून वैद्य पुष्कळ निर्माण झाले. परंतु त्यांच्या नावामागे किती विद्या आहे, हे मालकाला पूर्वीप्रमाणेच अज्ञात राहिले. ह्या असंतोषातून १८४४ मध्ये राजसनदेने ‘रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स’ ही संस्था अस्तित्वात आली आणि परीक्षा घेण्याचा अधिकार अध्यापकांकडून व्यवसायाकडे गेला.

४

ह्यानंतरचा टप्पा १८८१ च्या कायद्याचा. भाषेच्या अभ्यासकास हा कायदा विशेष उद्बोधक वाटेल. कारण त्याने उपचारावर बंदी घातली नाही, शब्दावर घातली. ज्याचे नाव नोंदवहीत नाही त्याने स्वतःस ‘व्हेटरिनरी सर्जन’ म्हणविणे, अथवा आपण विशेष लायक आहोत असे सुचविणारे कोणतेही वर्णन लावणे, हा गुन्हा ठरला. मात्र ते नाव न लावता त्याने जनावरांवर उपचार करीत राहण्यास कोणतीही आडकाठी नव्हती.

कायद्याची भूमिका अशी होती की निवड मालकाची आहे. सरकारने फक्त पाट्या खऱ्या ठेवाव्यात. सनदी वैद्य हवा असेल त्याने नोंदवहीतील नाव पाहावे. स्वस्त माणूस हवा असेल त्याने गावातील जाणता मनुष्य गाठावा. वरवर पाहता ही व्यवस्था न्याय्य दिसते. पण व्यवहारात तिचा अर्थ असा झाला की ज्याच्यापाशी पैसा आहे त्यालाच निवड होती. ज्याच्यापाशी नव्हता त्याच्यापुढे बिनसनदी माणूस आणि काहीच न करणे एवढे दोनच पर्याय उरत.

ह्याच काळात घरात पाळलेल्या प्राण्याचा प्रश्नही पुढे आला. डेलाबिअर ब्लेन याने १८१७ मध्ये कुत्र्यांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला होता आणि त्याचा सहकारी विल्यम यूएट याने ते काम पुढे नेले. हा यूएट त्या काळच्या मान्यवर पशुवैद्यांपैकी एक. तथापि सनद त्याने घेतली ती १८४४ मध्ये, म्हणजे उत्तरायुष्यात. पाटीवरचे नाव आणि हातातील विद्या ह्या दोहोंत अंतर असू शकते, ह्याचे हे दुसऱ्या बाजूचे उदाहरण होय. परंतु सर्वसाधारण पशुवैद्याचा चरितार्थ घोड्यावर चालत होता आणि कुत्र्यामांजरांची चिकित्सा त्याला फारशी प्रतिष्ठेची वाटत नव्हती. सरकारही कुत्र्याकडे चैनीची वस्तू म्हणूनच पाहत होते. कुत्र्यांवरील कर १७९६ मध्ये सुरू झाला आणि १८७८ मध्ये परवान्याची फी साडेसात शिलिंग झाली. हा परवाना पुढे एक शतकाहून अधिक काळ टिकून १९८७ मध्ये रद्द झाला.

५

गरिबांच्या जनावरांसाठी काही सोय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागली. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘अवर डम फ्रेंड्स लीग’ ह्या संस्थेने १९०६ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया भागात जनावरांचे रुग्णालय उघडले. परंतु वादाला खरे तोंड फुटले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात. मराया डिकिन (१८७०–१९५१) ह्या बाईंनी नोव्हेंबर १९१७ मध्ये लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल येथे एका तळघरात गरिबांच्या आजारी जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. त्यातूनच ‘पीपल्स डिस्पेन्सरी फॉर सिक ॲनिमल्स’ ही संस्था वाढली. कुत्री, मांजरे, फेरीवाल्यांची गाढवे आणि गाडीवाल्यांचे घोडे यांची रीघ लागली. काही वर्षांतच संस्थेच्या शाखा इतरत्र निघाल्या आणि फिरते दवाखाने गावोगाव जाऊ लागले.

ह्या दवाखान्यांतून उपचार करणारी माणसे प्रायः बिनसनदी होती. संस्थेने त्यांना स्वतः शिकवून तयार केले होते. १८८१ च्या कायद्याने मज्जाव केला होता तो नावाला, कामाला नव्हे. त्यामुळे ‘व्हेटरिनरी सर्जन’ असे न म्हणविता ही माणसे उपचार करू शकत होती.

व्यवसायाचा ह्याला कडवा विरोध झाला. ह्या विरोधात स्वार्थ होता, हे नाकारण्याचे कारण नाही. मोटारीमुळे शहरांतील घोडा नाहीसा होत चालला होता. पशुवैद्याचे जुने उत्पन्न घटत होते. आणि नेमक्या त्याच वेळी कुत्र्यामांजरांचे नवे काम मोफत दवाखान्याकडे जात होते. मोफत उपचार घेणारा प्रत्येक जण गरीबच असतो काय, ही व्यवसायाची शंकाही निराधार म्हणता येणार नाही. पण विरोध केवळ पोटासाठी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. निदान करणे, शस्त्रक्रिया करणे, भूल देणे ही कामे अपुऱ्या शिक्षणावर केली तर यातना जनावराला भोगाव्या लागतात, आणि जनावर तक्रार करू शकत नाही. गरिबाचे जनावर झाले म्हणून त्याला कमी शिकलेला वैद्य का मिळावा, हा सनदी वैद्यांचा प्रश्न होता. संस्थेच्या बाजूचा प्रश्न तितकाच सरळ होता : सनदी वैद्य त्या गल्लीत येत नाही आणि आला तर त्याची फी देता येत नाही, मग तोपर्यंत जनावराने काय करावे?

दोन्ही प्रश्न खरे होते, आणि एकाचे उत्तर दिल्याने दुसरा मिटत नव्हता. दर्जाच्या नावाखाली स्वस्त हात बंद केला तर उपचारच बंद होत. करुणेच्या नावाखाली तो मोकळा सोडला तर उपचाराला अर्थ राहत नसे.

ह्याच काळातील आणखी एका प्रयत्नाची नोंद केली पाहिजे, कारण खर्चाच्या प्रश्नावर त्याने वेगळा प्रकाश पडतो. डिस्टेंपर हा रोग कुत्र्यांच्या पिल्लांचा मोठा काळ होता. १९२३ मध्ये ‘द फील्ड’ ह्या नियतकालिकाच्या पुढाकाराने निधी उभा राहिला, त्यात श्वानप्रेमी आणि शिकारीसाठी कुत्री बाळगणारे यांनी पैसे घातले, आणि त्या पैशावर लेडलॉ व डंकिन ह्या संशोधकांनी मिल हिल येथे काम करून दशक संपण्यापूर्वी लस सिद्ध केली. एकेका कुत्र्याच्या आजारावर एकेका मालकाने करावयाचा खर्च सर्वांनी मिळून आजार टाळण्यासाठी केला, असे ह्याचे वर्णन करता येईल. उपचारापेक्षा प्रतिबंध स्वस्त पडतो, हे आज कोणीही सांगतो. परंतु तो प्रतिबंध उपलब्ध होण्यासाठी आधी कोणीतरी पैसा घालावा लागतो, हे सहसा विसरले जाते.

६

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा वाद सरकारपुढे आला. लव्हडे समितीने १९४४ च्या आपल्या अहवालात पशुवैद्यकाचे शिक्षण विद्यापीठांकडे द्यावे अशी शिफारस केली. बिनसनदी लोकांच्या उपचाराचा प्रश्न चॅन्सेलर समितीकडे सोपविण्यात आला आणि तिचा अहवाल १९४५ मध्ये आला. त्यानंतर १९४८ चा पशुवैद्य कायदा संमत झाला. आता प्रथमच नावाऐवजी कामाला मर्यादा घातली गेली : नोंदणी नसलेल्याने पशुवैद्यकाचा व्यवसाय करू नये.

परंतु ह्या कायद्याला दोन दारे ठेवलेली होती. जे लोक सनदेवाचून दीर्घकाळ ह्याच धंद्यावर जगत आले होते, त्यांच्यासाठी एक पुरवणी नोंदवही उघडण्यात आली. आणि मोफत उपचार करणाऱ्या संस्थांच्या शिकविलेल्या नोकरांना परवाना देण्याची तरतूद झाली. पुढे संस्थेनेही आपल्या दवाखान्यांत हळूहळू सनदी पशुवैद्य नेमले. ह्या तरतुदींना तडजोड म्हणून नावे ठेवणे सोपे आहे. वस्तुतः दर्जा वाढविताना गरिबाचा रस्ता एका दिवसात बंद होणार नाही, ह्याची काळजी कायद्याने घेतली. तडजोडीचे महत्त्व ह्यात आहे.

१९४८ हेच वर्ष ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या आरंभाचे. माणसाच्या उपचाराचा खर्च सर्व समाजाने उचलावा, असे त्या वर्षी ठरले. जनावराच्या उपचाराचा खर्च मालक, धर्मादाय संस्था आणि पुढे विमा यांच्यात वाटलेला राहिला. कुत्र्याचा पहिला विमा स्वीडनमध्ये १९२४ मध्ये उतरविण्यात आला होता. ब्रिटनमध्ये तो १९४७ मध्ये आला. लंडनच्या विद्यालयातील दोन गिनींच्या वर्गणीचे तत्त्व ह्या रूपाने दीड शतकानंतर पुन्हा अवतरले.

७

ब्रिटनमधील ह्या घडामोडींचा मुंबईशी केवळ साम्याचा नव्हे तर प्रत्यक्ष संबंध आहे. कारण येथील संस्था त्याच विचारांच्या संपर्कात, परंतु निराळ्या क्रमाने, निर्माण झाल्या. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल झाली आणि १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई व अमिचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ स्थापन झाली. पांजरापोळीचा मुख्य हेतू जनावराला आसरा देण्याचा होता. उपचाराची विद्या निर्माण करण्याचा नव्हता. प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था १८७४ मध्ये निघाली. तिच्या आश्रयाने, दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, परळ येथे १८८३ च्या सुमारास बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. लंडनमध्ये विद्यालय आधी झाले आणि गरिबांसाठी दवाखाना सव्वाशे वर्षांनी, तोही व्यवसायाशी भांडून झाला. मुंबईत धर्मादाय रुग्णालय आधी आले आणि विद्या त्याच्या आवारात वाढली. विद्यार्थ्यास शिकण्यासाठी रोगी जनावर हवे असते आणि गरीब मालकास कमी खर्चात जाणता हात हवा असतो. शिक्षणरुग्णालयात दोघांची गरज एकाच ठिकाणी भागते, आणि कच्च्या हातावर अनुभवी अध्यापकाची नजर राहते. दर्जा आणि खर्च यांची कोंडी फोडण्याचा तिसरा मार्ग ह्यात होता. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यातही त्याची छाया दिसते. व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यास देऊन, पदविका वा प्रमाणपत्र असलेल्यांना त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा करू देण्याची मुभा राज्य सरकारांनी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. मात्र ही देखरेख कागदावर राहिली तर १८८१ पूर्वीची स्थिती नव्या नावाने परत येण्यास वेळ लागणार नाही.

८

१९४८ च्या कायद्याची जागा १९६६ च्या कायद्याने घेतली. पण खर्चाचा प्रश्न संपला नाही. त्याने रूप बदलले. लहान प्राण्यांचे पशुवैद्यक १९५७ पर्यंत इतके प्रतिष्ठित झाले की त्याची स्वतंत्र संघटना ब्रिटनमध्ये निघाली. दवाखान्याचा मालक पशुवैद्यच असावा हे बंधन १९९९ मध्ये सैल झाले आणि कंपन्यांनी दवाखाने विकत घेण्यास आरंभ केला. तेथील स्पर्धा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ह्या व्यवसायाची पाहणी हाती घेतली, तेव्हा असे आढळले की २०१३ मध्ये मोठ्या समूहांच्या मालकीचे दवाखाने शेकडा १० च्या आसपास होते, ते आता शेकडा ६० च्या जवळ गेले आहेत. आणि शेकडा ८० हून अधिक दवाखान्यांच्या संकेतस्थळांवर दरांची माहिती नाही. २०२४ मध्ये ह्या पाहणीचे रूपांतर औपचारिक चौकशीत झाले.

१८८१ चा प्रश्न पाटीवरील नाव खरे आहे काय, हा होता. आता नाव खरे आहे, सनद खरी आहे. परंतु पाटीमागे मालक कोण आणि दर काय हे ग्राहकास कळत नाही. दोन्ही वेळा उणीव एकाच जातीची आहे. ज्याला निवड करावयाची त्याच्याजवळ निवडीचे साधन नाही.

तेव्हा ह्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पशुवैद्याची नोंदणी ही निवडीची पहिली अट आहे. परंतु तेवढ्याने निवड पूर्ण होत नाही. काय करणार, ते का करणार, न केल्यास काय होईल आणि किती लागेल, हे उपचारापूर्वी सांगितले गेले तरच मालकाची संमती खरी असते. खर्च आवाक्यात राहिला तो वैद्याचा दर्जा उतरविल्याने नव्हे. १७९१ ची वर्गणी, १९२३ चा निधी, परळचे शिक्षणरुग्णालय यांसारख्या योजनांनी तो अनेकांत वाटला म्हणून राहिला. आणि कमी शिकलेला हात उपयोगी पडतो तो जाणत्याच्या नजरेखाली, त्याच्याऐवजी नव्हे. व्हाइटचॅपलच्या तळघरापुढे उभ्या राहिलेल्या गाढववाल्याला ह्यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नव्हती. त्याच्यापाशी आजारी गाढव होते, आणि त्या गाढवावर त्याचे पोट होते. त्याने बिनसनदी माणसाचे दार ठोठावले, ह्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.